खाऱ्या टाकीतले ब्रिसल वर्म : सहा दशकांचा मागोवा

ब्रिसल वर्म हे वलयी संघातल्या पॉलिकीट वर्गाचे समुद्री किडे. अंगाच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी बारीक, पांढऱ्या केसांचे झुबके असतात. घरगुती टाक्यांत बहुतेक वेळा सापडते ती युरिथो कॉम्प्लानाटा ही गुलाबी-करड्या रंगाची जात किंवा तिच्या जवळच्या जाती. त्यांचे केस कॅल्शियम कार्बोनेटचे आणि ठिसूळ असतात. हात लागला की ते कातडीत शिरून मोडतात आणि तिथे आग होऊ लागते. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे केस निघून येतात. चोळले तर ते आणखी आत जातात.

1960 च्या दशकातल्या खाऱ्या टाकीत या किड्यांना फारसा वाव नव्हता. तळाशी खडीखालचा फिल्टर, वर ब्लीच करून पांढरेफेक केलेले प्रवाळाचे सांगाडे आणि मोजके मासे, एवढाच त्या टाकीचा संसार. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी मात्र समुद्रातले जिवंत खडक (म्हणजे बारीकसारीक जीव वस्तीला असलेले दगड), समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवली. 1961 मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. पण समुद्रापासून दूर राहणाऱ्या शौकिनांना असे खडक मिळणे तेव्हा सोपे नव्हते.

पुढे युरोपात पीटर विल्केन्स यांच्यासारख्या जाणकारांनी जिवंत खडक आणि प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे उपकरण) यांवर उभी असलेली, ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत रुळवली. अमेरिकेत 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरगुती ‘मिनी रीफ’चे वेड पसरले. दुकानांत खडकांच्या पेट्या येऊ लागल्या आणि त्यांच्या भेगांत दडून ब्रिसल वर्मही घराघरांत पोचले.

मग त्यांची धास्ती बसली. तिला कारण होते, पण ते अर्धवट पाहिलेले. दिवे मालवल्यावर हे किडे बाहेर येतात. रात्री मेलेल्या माशावर सकाळी त्यांचा घोळका दिसला की खुनाचा आळ त्यांच्यावरच येई. मरायला टेकलेल्या शिंपल्याच्या बाबतीतही तेच. खरे तर ते वासावर येतात. मासा आधीच मेलेला किंवा शेवटच्या घटका मोजत असतो. शिवाय कॅरिबियन समुद्रातला आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडिसे कारुन्क्युलाटा हा ‘फायरवर्म’ खरोखरच प्रवाळ खातो. त्याची बदनामी सरसकट सगळ्या कुळाला चिकटली. अंगाच्या कडेने लालसर कल्ल्यांचे गुच्छ आणि डोक्यामागे ठळक, घड्या पडलेला उंचवटा ही त्याची खूण. टाकीतल्या सामान्य किड्यात ती इतकी ठळक नसते.

त्या काळातले उपाय आजही सांगितले जातात. कोळंबीचा तुकडा घातलेली, भोके पाडलेली नळी संध्याकाळी वाळूवर ठेवायची आणि पहाटे दिवे लागण्याआधी उचलायची. नवा खडक गोड्या किंवा जादा खारट पाण्यात बुडवायचा. यात किड्यांबरोबर खडकावरचे बाकीचे जीवही होरपळतात. नाहीतर ॲरो क्रॅब, कोरल बँडेड कोळंबी किंवा सिक्स-लाइन रॅस मासा आणून सोडायचा. रॅस लहान किडे टिपतो, पण जुन्या, लांबलचक किड्यांच्या वाटेला क्वचितच जातो. वर टाकीतल्या इतर माशांच्या खोड्या काढतो. चिमट्याने ओढताना किडा तुटला तर भलतेच होते. युरिथोच्या तुकड्यांपासून पुरते किडे तयार होतात, म्हणजे अर्धवट पकडण्यातून संख्या वाढण्याचीच शक्यता.

1990 च्या दशकात वारे फिरले. मोनॅकोचे ज्याँ जोबेर यांच्या वाळूथरावर आधारलेल्या पद्धतीमुळे टाकीच्या तळाची वाळू चर्चेत आली. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी जाड वाळूथराचा हिरिरीने पुरस्कार केला. ही वाळू चालती राहायची तर तिच्यात किडे हवेतच, असे त्यांचे म्हणणे होते. उरलेले अन्न, माशांची विष्ठा आणि कुजणारे शेवाळ हे किडे फस्त करतात. वाळू उकरून तिच्यात पाणी खेळते ठेवतात. जाड वाळूथराबद्दलचे वाद पुढेही चालू राहिले, पण किड्यांबद्दलचा मुद्दा टिकला. त्यांची संख्या टाकीत पडणाऱ्या जादा अन्नावर ठरते. खाऊ घालणे आवरले की काही आठवड्यांत ती आपोआप उतरते. सापळे लावून जे साधत नाही ते चिमूटभर कमी खाद्याने साधते, आणि हे कळायला शौकिनांना इतकी वर्षे लागावीत, हे नवलच.

या नव्या समजुतीलाही एक धक्का बसला. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकी येथील ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ रात्रीत तुटलेले आढळू लागले. आमिष लावलेले सापळे सकाळी फाटलेले मिळत. शेवटी कर्मचाऱ्यांनी सगळी मांडणी एकेक दगड उचलून मोकळी केली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा किडा हाती लागला. त्याचे नाव ‘बॅरी’ ठेवण्यात आले. असे भक्षक किडे युनिसिडी कुळातले असतात. याच कुळातला बॉबिट वर्म वाळूत दडून बसतो आणि जबड्यांनी मासा ओढून नेतो. खडकातल्या किड्याच्या डोक्यावरच्या पाच शुंडिका आणि अंगावर इंद्रधनुषी झाक दिसली की तो खडकच टाकीबाहेर काढावा लागतो, कारण हा किडा आमिषाला सहसा पूर्ण बाहेर येत नाही.

दरम्यान खडकांचा व्यापारच आकसला. फ्लोरिडात समुद्रातले नैसर्गिक खडक काढणे 1990 च्या दशकात बंद झाले. तिथे आता समुद्रतळावर दगड ठेवून त्यांवर जीव वाढवतात. बऱ्याच नव्या टाक्या कोरड्या, निर्जीव खडकांवर उभ्या राहतात. त्यांत शेवाळ आणि कुजका गाळ साचतो, पण तो खाणारे कोणी नसते. म्हणून वाळूतल्या सूक्ष्मजीवांबरोबर ब्रिसल वर्मची पाकिटेही विकत मिळतात, आणि ज्यांच्या टाकीत ते फार झाले आहेत ते शौकीन सापळ्यातले किडे फेकून न देता दुसऱ्याला देतात.