हवे तेवढे व्होल्ट

माझ्या आज्जीला नीट दिसत नाही. म्हणून ती रेडिओवर परभणी केंद्र ऐकत बसते. तिच्या रेडिओला दोन सेल लागतात. एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे झाले ३ व्होल्ट.

दिवाळीच्या सुट्टीत सेल संपले. मी मामांचा एलिमिनेटर जोडला. त्याचा खटका १२ वर होता, तो मी पाहिलाच नाही. रेडिओतून धूर निघाला! आज्जी म्हणाली, "कामून बंद पडला गं?" मी गप्पच बसले.

रात्री मामांना खरं सांगितलं. ते रेडिओ दुरुस्त करतात. ते रागावले नाहीत. प्लग काढून त्यांनी डबा उघडून दाखवला.

घरातली वीज २३० व्होल्टची असते. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका बाजूला तारेचे वेढे पुष्कळ, दुसऱ्या बाजूला थोडे. जितके वेढे कमी, तितके व्होल्ट कमी. ही वीज सारखी मागेपुढे होते. डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतात. कपॅसिटर रांजणासारखा वीज साठवतो व धार तुटू देत नाही.

मामांकडे तीन पायांचा एक छोटा भागही होता. त्याचं नाव एलएम ३१७. तो जोडून बटण फिरवलं, की १.२५ पासून ३७ व्होल्टपर्यंत हवे तेवढे मिळतात. मात्र आत त्याहून सुमारे ३ व्होल्ट जास्त यावे लागतात.

मी म्हणाले, "मग एकच डबा सगळ्याला चालंल की!"

मामा म्हणाले, "चालंल, पण लई तापंल."

त्यांनी गणित घातलं. आत १५ व्होल्ट आले आणि रेडिओने ३ घेतले, तर उरले १२. म्हणजे विजेच्या पाच भागांतला एकच भाग कामी आला. चार भागांची नुसती उष्णता झाली! म्हणून चांगल्या डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधून मध्ये मध्ये तारा काढतात. कमी व्होल्ट पाहिजे असले, की कमी वेढ्यांची तार जोडायची. प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांत तर नुसता आकडा द्यायचा, तेवढेच व्होल्ट येतात.

मामांनी रेडिओ दुरुस्त केला. मग मी आज्जीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता आकडा बघून लावत जा, माय."

मी रेडिओच्या पाठीवर रंगाने मोठा ३ काढला आहे. मित्रांनो, तुम्हीपण आधी आकडा वाचा, मग खटका फिरवा. आणि मोठं माणूस जवळ नसताना प्लगला हात लावू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी