वरची पुढे, खालची मागे

दिवाळी अंकासाठी ‘जुनी यंत्रं’ असा विभाग ठरला आणि संपादकांनी फोनवरच यादी वाचून दाखवली. हातमाग गेला होता, ट्रेडल छापखाना गेला होता, शिवणयंत्रावर तर दोघांनी हक्क सांगितला होता. “तुमच्यासाठी तेलघाणा ठेवलाय,” ते म्हणाले. मी त्याच महिन्यात लेकीकडे अमेरिकेत, ओहायोला निघालो होतो. तिथे तेलघाणा कुठला? पण माझा एक शाळूसोबती तिथे राहतो आणि त्याच्या तळघरात काय चाललंय, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं, “थ्री नॉट थ्री चालेल?” पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आवाज आला, “चालेल. पण पोवाडा नको.”

पोवाडा म्हणावा असं माझं तिचं नातंही नव्हतं. कॉलेजात एन.सी.सी.त दोन वर्षं ती चार किलोची रायफल खांद्यावर वागवली, एवढंच. तिच्यावर ‘डीपी’ अशी अक्षरं होती. ड्रिल पर्पज, म्हणजे कवायतीपुरती, गोळी न सुटणारी. ‘बगल शस्त्र’ ऐकलं की उचलायची, ‘बाजू शस्त्र’ ऐकलं की पायाशी टेकवायची. आत काय असतं ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मित्र मूळचा खडकीचा. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. 1869 साली सुरू झालेला हा कारखाना म्हणजे आमच्या लहानपणी नुसता एक भोंगा आणि सायकलींचा लोंढा. काका आत काय करतात, असं विचारलं की मित्र म्हणायचा, “मोजतात.” काय मोजतात, हे त्यालाही माहीत नव्हतं. ते मला पन्नाशी उलटल्यावर ओहायोतल्या तळघरात कळलं.

तळघरात पाऊल टाकताच जवसाच्या तेलाचा वास आला. टेबलावर शेगड्यात धरलेलं लाकूड, भिंतीवर कानशी, आणि एका जुन्या सतरंजीवर ती. मानेजवळच्या पोलादी पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘इशापूर’ आणि ‘1942’. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी इशापूर आहे. तिथे 1791 पासून बंदुकीची दारू बनत असे. 1904 मध्ये त्याच जागी रायफलचा कारखाना उभा राहिला. तिथली ही रायफल कुठल्या युद्धातून, कुठल्या गोदामातून फिरत ओहायोतल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात आली, याचा माग मित्राला लागलेला नाही. त्याने ती घेतली तेव्हा तिचं पुढचं निम्मं लाकूड कापलेलं होतं.

हे लाकूड कापण्याचं प्रकरण मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर असल्या रायफली अमेरिकेत स्वस्तात विकल्या जात, टपालाने मागवता येत. हरणांच्या शिकारीला जाणारा माणूस ती घेई, वजन कमी करायला पुढचं लाकूड करवतीने उडवी, आणि कामाला लागे. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफलही टपालाने मागवलेली होती. त्यानंतरच्या संतापातून 1968 चा कायदा आला, टपालाची विक्री बंद झाली आणि लष्करी जुन्या बंदुकांची आयात पंधरा-वीस वर्षं जवळजवळ थांबली. तोवर हजारोंची लाकडं कापली गेली होती. आता माझ्या मित्रासारखी माणसं ती परत जोडत बसली आहेत.

दर शनिवारी चारपाच जण जमतात. एक निवृत्त टपालवाला, एक दंतवैद्य, एक शाळेच्या बसचा मेकॅनिक. सगळ्यांकडे परवाने आणि कुलूपबंद कपाटं. गप्पा मात्र आपल्याकडे सतार जुळवणाऱ्यांच्या असाव्यात तशा. पुढचं लाकूड मिळालं, पण ते नळीला नेमकं कुठे टेकतं? दस्ता कुठल्या मापाचा? मला याचं नवल वाटलं, पण सैन्यात या रायफलचे दस्ते शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे निरनिराळ्या मापांचे असत. लांबवर ‘एल’, आखूडवर ‘एस’ आणि अगदी बुटक्या शिपायाच्या दस्त्यावर ‘बी’, म्हणजे बँटम. इशापूरच्या कारागिरांनी आपली म्हणून एक भर घातली होती. आपल्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून त्यांनी चापाच्या पुढे लाकडातून एक आडवा स्क्रू घातला. आज जगभरचे हौशी त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. टपालवाल्याने तो मला बोट ठेवून दाखवला आणि जणू तो मीच ठोकला असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत स्थिरावलेला माणूस. त्याने 1879 मध्ये बंदुकीच्या पोटाखाली बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचं, म्हणजे मॅगझिनचं, पेटंट घेतलं. ब्रिटिशांनी ते उचललं आणि 1888 मध्ये ली-मेटफर्ड आली. धूर न करणाऱ्या नव्या दारूने मेटफर्डची नळी भराभर झिजू लागली, तेव्हा 1895 मध्ये नळीची घडण बदलली आणि नाव झालं ली-एनफिल्ड. 1907 मध्ये तिचं आखूड रूप पक्कं झालं. इशापूरने घडवलं ते हेच, आणि आमच्या खांद्यावर होतं तेही हेच.

ही रायफल वेगवान म्हणून गाजली. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, साठ अंशांत वळतो, मागे येतो, पुढे जातो. हात चापापासून फार लांब जातच नाही. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडाव्या लागत. मित्राने रिकाम्या रायफलचा बोल्ट ओढून दाखवला. लोणी लावल्यासारखा सरकला. मग त्याने मॅगझिनमध्ये दारू नसलेली बनावट काडतुसं भरली आणि म्हणाला, “आता बघ.” पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला बोल्ट मध्येच थबकला. “खट्” असा एक कोरडा आवाज. गेली दोन वर्षं हा आवाज त्याची झोप खातो आहे.

भानगड सगळी काडतुसाच्या बुडाशी आहे. .303 च्या काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कड असते, तांब्याच्या काठासारखी. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास, बाहेर आलेली जेमतेम मिलिमीटरभर. 1888 मध्ये ही कड सोयीची होती. काडतूस नळीत नेमकं कुठवर जावं हे तीच ठरवी, आणि रिकामं कवच ओढून काढायला तिचाच आधार. पण काडतुसं एकावर एक रचली की कडाही एकावर एक येतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असली तर सगळं सुरळीत. ती मागे राहिली, तर बोल्ट वरच्याला ढकलतो, वरची कड खालच्या कडेला अडते आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत. गर्दीच्या लोकलमधून उतरताना एकाच्या पिशवीचा बंद दुसऱ्याच्या छत्रीत अडकावा, तसं. जितका जोर लावाल तितकी गाठ घट्ट.

हा दोष कुणाच्या ध्यानात आला नव्हता असं नाही. बिनकडेचं काडतूस आणि त्यासाठी नवी रायफल ब्रिटिशांनी 1913 मध्ये चाचणीला काढलीसुद्धा. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. लाखो माणसं रणांगणावर असताना काडतूस कोण बदलणार? नवी रायफल जुन्याच काडतुसासाठी घडवावी लागली आणि कड जिंकली. ती दुसऱ्याही महायुद्धाला पुरून उरली. 1962 नंतर इशापूरने हीच जुनी घडण सुधारित पोलादात, 7.62 च्या बिनकडेच्या काडतुसासाठी बनवली, तेव्हा कुठे गाठ सुटली. ती रायफलही अमेरिकेत पुष्कळ आहे. दंतवैद्याकडे एक आहे. तो मित्राला चिडवतो, “तुझ्याच देशाने इलाज शोधला, आणि तू रोग घेऊन बसलास!”

तोवरची पाऊणशे वर्षं मग काम कसं चाललं? यंत्राची खोड माणसाच्या हाताला शिकवून. पाच काडतुसांची पत्र्याची क्लिप असे, तिला चार्जर म्हणत. त्यात काडतुसं ठरलेल्या क्रमाने बसवायची: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्याची कड खाली, दुसऱ्या आणि चौथ्याची वर. हा क्रम कुठूनही मोजला तरी तोच येतो, त्यामुळे अंधारात, चिखलात क्लिप उलटी लागली तरी बिघडत नाही. मला सगळ्या रायफलीत हीच गोष्ट सर्वांत शहाणी वाटली. सुटं भरायचं असेल तर एकच नियम: वरची पुढे, खालची मागे.

आणि मॅगझिन? ते सुटं होतं, पण शिपायाला बदलून बदलून वापरायला दिलेलं नव्हतं. पलटणीतला बंदुका दुरुस्त करणारा आर्मोरर त्याचे वरचे वाकडे काठ, ज्यांना कारागीर ओठ म्हणतात, ते त्याच रायफलशी जुळवून देई. एकीचं मॅगझिन दुसरीला चालेलच असं नाही. मित्राच्या रायफलचं मूळ मॅगझिन कुठेतरी हरवलेलं. त्याने एकामागून एक तीन विकत घेतली. पहिल्यात दुसरं काडतूस अडे, दुसऱ्यात पहिलंच नाक वर काढून चेंबरच्या कडेवर आपटे, तिसऱ्यात तिसरं. मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग दमली आहे. टपालवाला म्हणतो ओठ उघडलेत. दंतवैद्य म्हणतो आतली पाटी तिरकी आहे. तिरकं हे त्याला सगळीकडेच दिसतं. मित्राने स्प्रिंग बदलली, ओठांना हात लावायला मात्र धजला नाही. “एकदा जास्त वाकला तर गेला,” तो म्हणाला. “आणि ते वाकवणारे हात आता नाहीत.”

इथून पुढे अडचणीच अडचणी. लष्करी जुनी काडतुसं संपत आली आहेत. जी आहेत त्यांच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत राहतं आणि हवेतलं पाणी ओढून गंज चढवतं, म्हणून गोळ्या झाडून आल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतावं लागतं. जुने शिपाई हेच करीत. सुटे भाग महागले. बोल्टवरचा आकडा आणि रायफलवरचा आकडा एक नसेल, तर चेंबरचं माप गेजने तपासल्याशिवाय जवळ जायचं नाही. या माणसांपैकी कुणी ते धाडस करताना मला दिसलं नाही.

माझी अडचण वेगळीच होती. त्या तळघरात मी मनापासून रमलो होतो, आणि रमलो याचीच धास्ती वाटत होती. आपल्याकडे .303 निषिद्ध बोअर आहे, सामान्य माणसाला बाळगता येत नाही. परवानाधारकाला मिळते ती .315, इंग्रजांना आपल्या लष्करी मापाचं काडतूस ‘नेटिवां’च्या हाती नको होतं, त्यातून ते माप रूढ झालं. म्हणजे आपल्या देशात ही रायफल कायम सरकारच्याच हातात राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर जे पोलीस उभे होते, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात हीच होती, कुणाच्या हातात नुसती काठी. तेव्हा आपण सगळे रायफलच्या वयाबद्दल संतापलो. वय होतंच. पण जिचा वेग माणसाच्या बोटांत असतो ती रायफल वर्षाकाठी मोजक्या गोळ्यांच्या सरावावर चालत नाही, हे मला त्या रात्री नव्हे, ओहायोत तो “खट्” ऐकताना कळलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभाने निरोप दिला. दिला ते बरंच झालं.

शेवटच्या शनिवारी मी म्हटलं, मला भरू दे. बनावट काडतुसं मी एकेक करून अंगठ्याने दाबत गेलो. ‘वरची पुढे’ हे तोंडाने म्हणत होतो. चौथ्याला अडकलं. एन.सी.सी.ची दोन वर्षं फुकट गेली होती.

मित्राने मग खडकीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. काका ऐंशीच्या घरातले, गळ्यात मफलर. त्यांनी आमची हकिगत ऐकली. स्प्रिंग, ओठ, पाटी, सगळी. मग म्हणाले, “मी उभ्या जन्मात रायफल झाडली नाही. मी कड मोजायचो. गेजमध्ये जाड बसली, बाद. सैल बसली, बाद. दिवसभर तेच.” मित्र गप्प झाला. वडील काय मोजत, हे त्यालाही आजच कळत होतं.

मित्राने संग्रहातलं एक पितळी काडतूस कॅमेऱ्यापुढे धरलं. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’, खडकी फॅक्टरी, आणि साल 43.

“हे माझं नाही,” काका म्हणाले. “मी पासष्टला लागलो.” तरी त्यांनी ते दूर करू दिलं नाही. “जरा फिरव. अजून. तिरपं धर, कड दिसत नाहीये.” बराच वेळ बघितल्यावर त्यांनी मान हलवली.

“ही पास आहे. तुमचं भरायला चुकतंय.”