जुन्या रेडिओची पाटी

घरच्या रेडिओवर आपण दुसऱ्याचे बोलणे ऐकतो. त्याला उत्तर देता येत नाही. पण काही रेडिओ असे असतात, की त्यांतून ऐकताही येते आणि बोलताही येते. छंद म्हणून असा रेडिओ चालवणाऱ्याला हौशी रेडिओवाला म्हणतात. आपल्या देशात त्यासाठी परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यावा लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात बेंटन हार्बर नावाचे गाव आहे. तिथे हीथ नावाची कंपनी होती. 1947 साली तिने एक निराळाच माल काढला. तयार यंत्र द्यायचेच नाही! सुटे भाग, तारा आणि एक पुस्तक खोक्यात घालून द्यायचे. गिऱ्हाइकाने घरी बसून, वाचत वाचत यंत्र जोडायचे. एकेक काम झाले, की पुस्तकात तिथे खूण करायची. या मालाला हीथकिट म्हणत. 1992 मध्ये कंपनीने हे संच विकणे थांबवले. पण त्यांतले कित्येक रेडिओ हौशी लोकांनी अजून चालते ठेवले आहेत.

या रेडिओत सर्किट बोर्ड असतो. आम्ही त्याला पाटी म्हणू. पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा असतात. शेतात पाटाने पाणी जाते, तशी त्या रेघांतून वीज जाते.

आता गोम अशी, की रेडिओ एकाच नावाचा, पण आतली पाटी एकच असेल असे नाही. विकता विकता एखादा दोष ध्यानात येई. मग कंपनी पाटी सुधारी, कुठे एखादा भाग बदली. पुस्तकात दुरुस्तीचा सुटा कागद घाली. पाटीवर 85 ने सुरू होणारा नंबर छापलेला असे. पाटी बदलली, की बहुधा त्याचा शेवटचा आकडा बदले. म्हणून रेडिओ उघडला, की आधी हा नंबर वाचावा. नकाशा एका पाटीचा आणि हातात दुसरीच, असे झाले तर धड भागही बिघडलेला वाटतो. तो उगाच काढला जातो, आणि दोष राहतो तिथेच.

मग नुसत्या डोळ्यांनी पाहावे. दुरुस्तीला परत आलेल्या 100 संचांपैकी सुमारे 90 संचांत जोडणी किंवा डाख कच्चा असतो, असे कंपनीच्याच पुस्तकात छापलेले असे. कच्चा डाख ओळखता येतो. तो गोळ्यासारखा वर बसतो, रेघेला धरत नाही. तो पुन्हा तापवून नीट बसवावा. आवाजात सारखी घूं-घूं येत असेल, तर जुना कंडेन्सर आतून सुकला असण्याचा संभव फार. तो बदलावा.

पण थांबा! कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजणच. या कंपनीचा एचडब्ल्यू-101 हा व्हॉल्व्हचा रेडिओ घ्या. त्यात सुमारे 800 व्होल्ट वीज खेळते. घरातल्या विजेच्या तिप्पटीहून जास्त! प्लग काढला, तरी रांजणात ती उरू शकते. एका झटक्यात माणूस जातो. नवख्याने एकट्याने अशा रेडिओत हात घालूच नये. जाणत्यानेही प्लग काढून काही मिनिटे थांबावे. मीटर लावून काटा शून्यावर आला का ते पाहावे. आला नसेल, तर कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करावा, आणि मीटर पुन्हा लावून पाहावा.