हेडगार्ड असले तरी

नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक मुष्टियुद्धात ८१ किलोंवरील गटाचे सुवर्णपदक जिंकले; पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने ५२ किलोंचे. उद्या दापोलीतल्या एखाद्या मुलीने बॉक्सिंगचे ग्लोव्हज मागितले तर जरूर द्यावेत. मात्र हेडगार्डवर विसंबू नये. त्याने भुवई फुटणे टळते. कवटीतील द्रवात तरंगणारा मेंदू ठोशाने हलायचा तो हलतोच. ठोशानंतर डोके दुखले, गरगरले, गोंधळल्यासारखे झाले, की शुद्ध हरपली नसली तरी सराव तिथेच थांबवावा. पुन्हा रिंगणात उतरणे डॉक्टरांना विचारूनच. वारंवार उलटी, अनावर झोप, अडखळते बोलणे दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. पदकाच्या ओढीने मुली हे लपवतात. म्हणून घरी आल्यावर आईनेच विचारावे.