इरलं, घोंगडी आणि उघडी पोटरी

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडून गेला की पेण-रोह्याकडच्या वाड्यांमधली माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. ओहोळांना पाणी सुटलेलं असतं. अंडी घालायला निघालेले मासे त्या पाण्याच्या उलट, वर शेतांकडे चढत असतात. ही वलगण. उन्हाळाभर बिळात दडलेले मुठे, म्हणजे खेकडेही, त्याच रात्री बाहेर येतात. कोणी पाग टाकतं, कोणी कोयत्याच्या पाठीनं मासा थोपटतं, कोणी नुसत्या हातांनी खेकडा धरतं. या गडबडीत कोणाच्या अंगावर काय आहे ते सहसा कोणी बघत नाही, पण ते बघण्यासारखं असतं. अर्धी चड्डी, विटकी बनियन, कमरेला करगोट्यासारखी घट्ट बांधलेली आकडी आणि तिच्यात पाठीमागे अडकवलेला कोयता. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ. गोणीचा एक तळकोपरा दुसऱ्यात खुपसला की टोपडं तयार, शिलाई एक पैसाही नाही. पायात प्लॅस्टिकचे सँडल, नाहीतर तेही नाहीत.

त्याच आठवड्यात पेणच्या रामवाडी स्थानकात एसटीतून मुंबईची हौशी मंडळी उतरतात. अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेली जाकिटं, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, जीनच्या विजारी. तासाभरानं दोघंही सारखेच भिजलेले असतात, एक पावसानं आणि दुसरा स्वतःच्या घामानं. गोणीवाला पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात कोरडा होतो. जीनवाला दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलाच असतो.

माझं म्हणणं या दोघांमधल्या फरकापाशीच आहे. कोकणातल्या रानात शिकारीला, पारधीला किंवा नुसतं बघायला जाणाऱ्यानं अंगावर काय घालावं, याचं उत्तर इथल्या लोकांनी फार पूर्वी काढून ठेवलं होतं. पाणी अडवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. कपडा लवकर वाळावा, हात मोकळे राहावेत आणि त्याचा आवाज होऊ नये, एवढंच त्यांनी पाहिलं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदुकीच्या बारापुरती नाही. फासे लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, इतकंच काय हाका घालून जनावर उठवणंही तिच्यात येतं. ससा, भेकर, रानडुक्कर, रानकोंबडा यांच्या मागे जाण्याचे दिवस संपले आणि ते संपायलाच हवे होते. पण ती माणसं आणि तो पाऊस इथंच आहेत. त्या पोशाखातलं शहाणपणही अजून उपयोगाचं आहे.

इथल्या रानातले मूळचे पारधी म्हणजे कातकरी. खैराचा कात पाडणारी ही जमात. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारी शिक्का बसत गेला, खैर हातचा गेला आणि हे लोक वीटभट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या आणि मजुरीकडे लोटले गेले. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत त्यांची गणना होते. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. गलोल, फासे, वाघर, बिळं उकरून उंदीर काढणं, खेकडे, मासे ही त्यांची विद्या. शेतातला उंदीर तर २०२२च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याच्या लेखी उपद्रवी प्राण्यांच्या यादीतच होता, आणि भात कापून झाल्यावर उंदराच्या बिळातलं धान्य काढणं ही पोटाची सोय होती. ए. एन. वेलिंग यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, इंग्रजी अमलात, जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियरं निघाली. आपल्या कुलाब्याचं १८८३चं. (कुलाब्याचं रायगड व्हायला १९८१ उजाडलं.) त्या काळाच्या साहेबी नजरेला लंगोटी आणि डोक्याचं फडकं दिसलं की निदान ठरलेलं असे : दारिद्र्य आणि रानटीपणा. दारिद्र्य होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लंगोटीमागे नुसतं दारिद्र्य नव्हतं.

हे पटायला दिवाळीनंतर एकदा डोंगरउतारावरच्या गवतातून फुल पॅंट घालून चालून पाहावं. पिकलेल्या गवताचं कुसळ एका टोकाला सुईसारखं टोकदार असतं आणि त्याला मागे वळलेली बारीक लव असते, त्यामुळे ते कापडात शिरतं ते पुढेच जातं, मागे येत नाही. दहा पावलांत विजारीची चाळण होते. संध्याकाळी एकेक कुसळ उपसत बसावं लागतं आणि चार तरी आतून मांडीला टोचत राहतात. उघड्या पोटरीवर तेच कुसळ टेकायलाही थांबत नाही. खाजकुयलीचं याहून वाईट. थंडीत तिच्या शेंगा पिकतात, त्यांवरची सोनेरी तपकिरी लव वाऱ्यानंही उडते. कातडीवर पडली तर आग होते, पण शेण किंवा राख चोळून ती काढता तरी येते. सदऱ्यात शिरली की सदरा टाकूनच द्यावा लागतो, कारण तो परत घातला की खाज परत. करवंदीच्या जाळीत तोच न्याय. सैल कापड काट्याला अडकतं, फाटताना टर्रकन आवाज होतो, आणि पारध्याला तो आवाज परवडत नाही. कातडी ओरखडते, पण सुटते. रोज रानात जाणाऱ्याची कातडी दोनचार वर्षांत त्याला सरावतेही. तुमची-माझी नाही सरावणार, हे कबूल. म्हणून लंगोटी लावा असं मी सुचवत नाही.

आता पावसाळा. रायगडात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा पावसात माणसाला कोरडं ठेवण्याचे जगानं बरेच प्रयोग केले. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली दोन कापडांमध्ये रबर दाबून बसवण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे कलकत्त्याला १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगाल वॉटरप्रूफचा कारखाना काढला, आणि त्यांच्या ‘डकबॅक’ रेनकोटाचा रबरी वास मराठी घरांतल्या दोन पिढ्यांना तरी पाठ आहे. या कोटांचं दुखणं एकच : बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घामही बाहेर जात नाही. १९६९मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉनचा ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा करण्याची युक्ती सापडली. पावसाचा थेंब त्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठा, घामाची वाफ कितीतरी लहान. म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटतं. शिकाऱ्यांचे आणि गिर्यारोहकांचे महागडे कपडे तेव्हापासून याच तत्त्वावर बेतले जातात.

पण वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा कोरडी असेल तर. ढोबळ हिशोब मांडून बघा. अंगाजवळची हवा ३४ अंशाची आणि घामानं तुडुंब, बाहेरची ५ अंशाची आणि निम्मी कोरडी असेल, तर वाफेला बाहेर ढकलणारा दाबाचा फरक भरपूर असतो. हाच कोट जुलैत पेणच्या डोंगरात घाला. बाहेर २८ अंश, हवेत ९५ टक्के दमटपणा. तो फरक जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्यात चढ चढताना घाम दुप्पट. कोट दहा हजारांचा असो की दोनशेचा, आत कढ येतो तो येतोच. कंपनीची लबाडी नाही यात. तो कोट या हवेसाठी शिवलेलाच नसतो.

इरल्यानं हे त्रांगडं सोपं करून टाकलं होतं. बांबूच्या कामट्यांचा होडीसारखा सांगाडा, त्यावर पळसाची किंवा सागाची पानं, वरून पुन्हा कामट्यांची जाळी. डोक्यावर टेकवायचं की ते पाठीवरून कमरेच्या खालपर्यंत उतरतं. पुढून आणि दोन्ही बाजूंनी उघडं. पाठ आणि डोकं कोरडं, छाती वाऱ्याला मोकळी, घाम अडतच नाही. लावणी करणारी बाई त्यात दिवसभर ओणवी राहू शकते, दोन्ही हात चिखलात मोकळे. खेकडे धरणाऱ्याला तेवढंच हवं असतं. छत्री एक हात अडवून ठेवते आणि रानात प्रत्येक फांदीशी भांडते. इरल्याचेही दोष होते. दाट झाडीत ते अडकतं, वाऱ्यात पाठीमागून उचललं जातं आणि पानं हंगामाला बदलावी लागतात. पुढे पानांच्या जागी निळं-काळं प्लॅस्टिक आलं, मग इरलंच गेलं आणि गोणीची खोळ राहिली. खोळ मात्र इरल्याचीच लेक म्हणायची, उघडी, हलकी आणि हात सोडणारी.

पावसाळ्यानंतरच्या पहाटेला घोंगडी. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांनी कातरलेली, सणगरांनी मागावर विणलेली आणि वर चिंचोक्याची खळ दिलेली. कोकणात मेंढ्या नाहीत, म्हणून ती घाटावरून येई. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी ऊबही सोडते. सुताचं उलट. ओलं सूत अंगाला चिकटतं, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं अंगाची ऊब ओढून नेतं. थंड देशांतले शिकारी सुती कपड्याला जिवाचा वैरी समजतात ते यामुळेच. आपल्याकडे दिवसा सुतासारखं सुख नाही, पण डिसेंबरच्या रात्री मचाणावर घामेजल्या सुती सदऱ्यानिशी बसणारा तिथंच शिंकायला लागतो आणि सगळं रान सावध करतो. घोंगडी खसखसतही नाही, प्लॅस्टिकची प्रत्येक सुरकुती बोलते. तिचं वजन मात्र फार, आणि भिजली की विचारू नका. चालण्यासाठी ती नाहीच. एका जागी बसणाऱ्याची ती सोबतीण.

रंगाची गोष्ट वेगळी, आणि इथं साहेबाला श्रेय द्यायला हवं. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्स्डेननं ‘गाइड्स’ची पलटण उभारली आणि तिला मातकट कपडे दिले. तिथून खाकी जगभर गेली. पक्क्या खाकी रंगाचं श्रेय मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकामशाळेतल्या जॉन हालरला दिलं जातं. शिकारी, वनखातं, पोलीस, सगळ्यांनी ती उचलली. पण हरणाच्या डोळ्यांना खाकी आणि भगव्यात आपल्याला दिसतो तेवढा फरक दिसतच नाही. हरणाला रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्याला तीन. तांबडा-नारिंगी त्याला हिरवा-पिवळाच वाटतो. पट्टेरी वाघाचं सगळं राजकारण यावरच चालतं, आणि अमेरिकेत शिकाऱ्यांना एकमेकांची गोळी लागू नये म्हणून भडक नारिंगी जाकिटं घालायला लावतात तीही याच भरवशावर. हरणाला निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे जीनची विजार, आणि नीळ घातलेलं पांढरंशुभ्र धोतरही. धुण्याच्या पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून जे द्रव्य असतं ते अतिनील उजेड निळ्यात बदलतं, म्हणजे हरणाला जे नेमकं दिसतं तेच वाढवतं. रानात जायचा सदरा साबणात बुचकळू नये, ही जुन्या पारध्यांची रीत वासासाठी होती. ती डोळ्यांनाही लागू पडते. रानकोंबड्यापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. पाखरांना रंग आपल्याहून जास्त दिसतात. तिथं निश्चल बसणं एवढाच उपाय.

उघडेपणाचं इतकं कौतुक केलं, तरी पायांबाबत मी जुन्यांच्या बाजूचा नाही. फुरसं, घोणस, मण्यार आणि लाल विंचू या सगळ्यांचा हा मुलूख आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून इथल्या असंख्य माणसांचे जीव वाचवले. त्याआधी लाल विंचू चावला की दहांतले चार दगावत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अनवाणी पायाला माती वाचता येते हे खरं, सुकं पान मोडायच्या आधी तळव्याला कळतं. पण त्यासाठी पाय पणाला लावायचं कारण उरलेलं नाही. पातळ तळव्याचा, घोटा झाकणारा कॅनव्हासचा बूट पुरतो. तो भिजतो आणि वाळतोही. गमबूट चिखलात छान, पण ओढ्यात एकदा पाणी आत गेलं की पायाला दोन बादल्या बांधल्यासारखं. आणि कुठलाही जोडा सकाळी उलटा करून झटकल्याशिवाय घालायचा नाही.

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. सैल, लांब बाह्यांचं सुती, डोक्याला ओलं फडकं. २८ मार्च २०१७ रोजी रायगडातल्याच भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली. तिच्यावर पुढे शंकाही घेतली गेली, पण त्या दिवसांत तिकडे फिरलेल्याला ती फारशी अशक्य वाटणार नाही.

उन्हाळ्यात रानात जायचं ठिकाण म्हणजे फणसाड. मुरूड, अलिबाग आणि रोहा तालुक्यांच्या हद्दीत पसरलेलं, सुमारे ७० चौरस किलोमीटरचं हे रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारक्षेत्र होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात, अशा पाणवठ्यांच्या काठी मचाणांवर बसून राज्यभरच्या अभयारण्यांत जनावरं मोजली जातात. बंदूक सोडली तर जुन्या शिकाऱ्याला लागणारं सगळं त्या रात्री लागतं.

तेव्हा बसायला जाणार असाल तर निळी जीन घरी ठेवा. मळकट हिरवा किंवा मातकट सुती सदरा घाला, तो साध्या पाण्यात धुतलेला असू द्या. चढून गेल्यावर बदलायला दुसरा कोरडा सदरा पिशवीत ठेवा, कारण मे महिन्यातही पहाटे तीनला घामट पाठ गार पडते. चेन, वेलक्रो, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काही मचाणावर नेऊ नका. आणि जमलं तर घाटावरच्या एखाद्या विणकराकडून खरी हातमागाची घोंगडी घ्या. यंत्रावरच्या स्वस्त चादरीपेक्षा ती महाग पडेल, टोचेलही, पण ती विणणारे आता थोडेच उरले आहेत.