नक्षी उतरते कशी?

मराठी घरातील लग्नात वधूच्या अंगावरचा शालू पुष्कळदा बनारसचा असतो. तो नेसवताना निऱ्या, पदर आणि काठ यांकडे सर्वांचे लक्ष असते. त्यावरील कोयरी निरखून पाहणारे मात्र थोडेच. एकाच शालूवर अशा शेकडो कोयऱ्या असू शकतात. प्रत्येकीचे टोक एकाच बाजूला वळलेले, प्रत्येकीच्या पोटातील फूल तितक्याच पाकळ्यांचे! हातमागावर विणलेल्या वस्त्रात हा सारखेपणा येतो कोठून? कोणीतरी ती कोयरी आधी कागदावर रेखाटलेली असते. कागदावरची कोयरी रेशमात उतरते कशी, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या विणकरांच्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या प्रश्नाशी झुंज दिली आहे.

एका पृष्ठभागावरचे चित्र दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवण्याचे काही साधे मार्ग आपल्या ओळखीचे आहेत. भरतकाम करणाऱ्या स्त्रिया पारदर्शक कागदावर वेलबुट्टी काढून घेतात, रेषांवर सुईने बारीक भोके पाडतात, कागद कापडावर ठेवतात आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवतात. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची वेल उमटलेली दिसते. तोच कागद दहा झबल्यांना पुरतो. मोठ्या फलकावर चित्र रंगवणारा कलाकार लहान चित्रावर चौकटी आखतो, फलकावर तितक्याच पण मोठ्या चौकटी आखतो आणि एकेका चौकटीतील रेषा दुसऱ्या चौकटीत नेतो.

अलीकडे याच कुटुंबात एक गोड भावंड दाखल झाले आहे. वाढदिवसाच्या केकवर मुलाच्या आवडीचे चित्र हवे, असा आग्रह आता गावोगावच्या बेकरीत ऐकू येतो. लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेल्या बटरक्रीमने केक झाकलेला असेल, तर अशा मऊ पृष्ठभागावर थेट चित्र काढणे धोक्याचे. हात चुकला तर पुसता येत नाही. म्हणून कारागीर चित्राचा कागद पाटावर चिकटवतो आणि त्यावर बटरपेपर पसरतो. गडद क्रीमच्या बारीक धारेने तो खालून दिसणाऱ्या बाह्यरेषा गिरवतो. त्या थोड्या घट्ट झाल्या की मधल्या जागा रंगीत क्रीमने भरतो. सर्वांत शेवटी केकच्याच रंगाचा एक सपाट थर वर देतो. मग हे सारे शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात टणक होऊ द्यायचे, केकवर पालथे घालायचे आणि कागद अलगद सोलून काढायचा. चित्र केकवर बसते. बनारसच्या ज्येष्ठातील उन्हाळ्यात हे काम अर्थातच चपळाईने उरकावे लागते!

या कृतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. चित्र पालथे पडणार असल्याने डावे ते उजवे होते. म्हणून मूळ कागद आधीच उलटा ठेवावा लागतो, नाहीतर नावातील अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उमटतात. शिवाय क्रमही फिरतो. जे आधी काढले ते शेवटी सर्वांत वर येते, आणि जे शेवटी भरले ते तळाशी जाते. चित्र उतरवणाऱ्याला नेहमी असा पलीकडच्या बाजूने विचार करावा लागतो. बनारसचे विणकरही बरेचदा वस्त्राची उलटी बाजू वर ठेवून विणतात. सुलट बाजूवरची जरीची फुले त्या वेळी खाली, त्यांच्या नजरेआड उमलत असतात.

मात्र केक आणि शालू यांचे साम्य येथेच संपते. केकवरचे किंवा भरतकामाच्या कापडावरचे चित्र वरून बसते. कापड आधी तयार असते. विणलेल्या नक्षीच्या बाबतीत तसे नसते. तेथे चित्र उतरवायला पृष्ठभागच नसतो. वस्त्र आणि नक्षी एकाच वेळी जन्माला येतात. विणकराच्या समोर असतात ते ताण्याचे हजारो उभे धागे आणि त्यांतून इकडून तिकडे जाणारा बाण्याचा आडवा धागा. कोणते उभे धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, एवढाच निर्णय त्याला प्रत्येक ओळीत घ्यायचा असतो. कोयरीची सुरेख वळणदार रेषा मागाला कळत नाही. मागाला ‘वर’ आणि ‘खाली’ हे दोनच शब्द कळतात. तेव्हा चित्राचे भाषांतर या दोन शब्दांत करणारा कोणीतरी हवा. बनारसमध्ये त्याला नक्षाबंद म्हणतात.

हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये. अरबीतील ‘नक्श’ या शब्दापासून आपल्याकडे ‘नक्षी’ आली आणि त्याच कुळातून ‘नकाशा’ही आला. नक्षाबंद म्हणजे नक्षा बांधणारा. ‘बांधणारा’ हे येथे शब्दशः खरे आहे, कारण त्याचा नक्षा शाईचा नसून सुताचा असतो. चौदाव्या शतकात बुखारा येथे होऊन गेलेले सूफी संत ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद यांच्याशी या कारागिरांची परंपरा आपले नाते जोडते.

नक्षा बांधण्याची रीत एका उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एक कोयरी चौकटींच्या कागदावर काढली असून ती ६० चौकटी रुंद आणि ८० चौकटी उंच आहे. नक्षाबंद लहान चौकटीवर ६० उभे दोरे ताणतो. मग चित्राची पहिली आडवी ओळ पाहून, जेथे रंग असेल तेथील उभे दोरे निवडत तो एक आडवा दोरा त्यांतून ओवतो. दुसऱ्या ओळीसाठी दुसरा दोरा, असे करत ८० ओळींचे ८० आडवे दोरे होतात. कोयरीत दोन रंग असतील, तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दोरा लागल्याने ही संख्या वाढते. तयार झालेला हा दोऱ्यांचा गुंता अनोळखी माणसाला निरर्थक वाटेल. पण त्यात कोयरीचा प्रत्येक बिंदू नोंदलेला असतो.

हा नक्षा मागावरच्या ‘जाला’ नावाच्या दोऱ्यांच्या रचनेला जोडला जातो. वस्त्राच्या रुंदीत कोयरी २० वेळा यायची असेल, तर नक्ष्यातील प्रत्येक उभा दोरा ताण्यातील २० ठिकाणांशी बांधलेला असतो. मागाच्या वर बसलेला मदतनीस क्रमाने एकेक आडवा दोरा ओढतो. ओढलेल्या दोऱ्याने निवडलेले ताण्याचे धागे वीसही ठिकाणी एकदम उचलले जातात, आणि खाली बसलेला विणकर त्या फटीतून जरीचा धागा नेतो. शालूवरील कोयऱ्यांच्या सारखेपणाचे रहस्य येथे आहे. जबाबदारीही येथेच आहे. नक्षाबंदाने एक दोरा चुकीचा ओवला, तर ती चूक वीस कोयऱ्यांत उमटते आणि पुढच्या प्रत्येक रांगेत पुन्हा पुन्हा येत राहते. महागडे रेशीम आणि जर वाया जाते ती विणकराची, नक्षाबंदाची नव्हे. म्हणून चांगल्या नक्षाबंदाच्या शब्दाला वस्तीत मोल असे.

महाराष्ट्रातील पैठणी या बाबतीत वेगळ्या वाटेने जाते. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया किंवा असावली यांसाठी उभे धागे उचलणारा नक्षा नसतो. विणकर रंगीत धाग्यांच्या अनेक लहान कांड्या घेऊन, ताण्याचे धागे मोजत, बोटांनीच एकेका रंगाचा तुकडा विणतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो. तेथे चित्र विणकराच्या मोजणीत वसते, तर बनारसी मागावर ते मागालाच बांधलेले असते. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही.

१८०४ साली फ्रान्समधील लिआँ या रेशमाच्या शहरातील जोझेफ मारी जकार याने जे यंत्र सिद्ध केले, त्याने नक्ष्याची जागा घेतली. त्याच्या नावाचा इंग्रजी उच्चार करून आपल्याकडे त्याला ‘जॅकार्ड’ म्हणतात. यात चित्राची एकेक ओळ पुठ्ठ्याच्या एकेका पत्त्यावर भोकांच्या रूपात नोंदतात. जेथे भोक असते तेथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा उचलला जातो; भोक नसते तेथे धागा जागेवर राहतो. पत्त्यांची माळ करून ती मागावर टांगतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे यंत्र बनारसमध्ये रुळले. मागावर चढून दोरे ओढणारा मदतनीस, जो पुष्कळदा लहान मुलगा असे, त्यातून सुटला. ते काम आता विणकराच्या पायाखालची पावडी करू लागली. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. नक्षाबंदांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापैकी काहींनी सूत सोडून पत्ते पाडण्याचे काम पत्करले, आणि सुताचा नक्षा बांधण्याची विद्या थोड्या हातांत उरली.

भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांनी कितीही गुंतागुंतीचे चित्र लिहिता येते, ही कल्पना मागापुरती राहिली नाही. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने १८३०च्या दशकात योजलेल्या गणनयंत्रासाठी असेच पत्ते वापरायचे ठरवले. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माहितीची मोजणी भोके पाडलेल्या पत्त्यांवर केली. पुढे संगणक आला आणि तोच मागावर परतला. आता बनारसमध्ये कोयरी संगणकाच्या पडद्यावर चौकटी-चौकटींनी भरली जाते आणि तेथूनच पत्ते पाडले जातात. काही मागांना तर पत्तेही लागत नाहीत.

यातून एक नवा पेच उभा राहिला आहे. सुताचा नक्षा ज्याच्या घरी, त्याच्याच हाती ती नक्षी असे. संगणकातील नक्षी मात्र क्षणात शंभर ठिकाणी पोहोचते. बनारसमध्ये मांडलेली कोयरी दूरच्या यंत्रमागावर कृत्रिम धाग्यात विणली जाते आणि ‘बनारसी’ म्हणून थोड्या किमतीत विकली जाते. ज्या हातमागावर एक भारी शालू विणायला कित्येक आठवडे जातात, त्याने या किमतीशी स्पर्धा करावी कशी? बनारसी किनखाब आणि साड्यांना २००९ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, पैठणीला २०१० साली. ‘बनारसी’ या नावाचा गैरवापर त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आला. पण कोयरी कोणा एकाची नाही. तिची नक्कल या नोंदणीने थांबत नाही.

खरेदी करणाऱ्याला मात्र एक गोष्ट करता येते. शालू उलटून पाहावा. बनारसी विणकामात ‘कढुआ’ आणि ‘फेकुआ’ असे दोन प्रकार आहेत, आणि मराठी माणसाला या नावांचा अर्थ सांगावा लागत नाही. कढुआत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र कांडीने, जणू भरतकाम केल्यासारखी काढलेली असते. मागच्या बाजूला तिचा धागा बुट्टीच्या कडेवरून वळून परत आत जातो. दोन बुट्ट्यांमधील जागा स्वच्छ असते. फेकुआत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकलेला असतो. मधले लोंबते धागे नंतर कात्रीने कापून टाकतात, आणि हे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. अशा बुट्टीच्या मागच्या कडांना कापलेल्या टोकांची बारीक झालर बोटाला लागते. यंत्रमागाच्या साडीतही अशी कापलेली टोके असतात, म्हणून केवळ झालर पाहून साडी खोटी ठरवता येत नाही. हातमागावरचा फेकुआही खराच असतो. पण मागची बाजू स्वच्छ असेल, धागे बुट्टीभोवती वळलेले असतील आणि एका कोयरीतील वळण शेजारच्या कोयरीतील वळणापेक्षा केसभर वेगळे दिसत असेल, तर त्या दोन कोयऱ्यांसाठी विणकराने कांडी दोनदा हातात घेतलेली असते.