घरी हुडी शिवताय? आधी कापड धुवा!
हुडीसाठी लूपनिट किंवा फ्लीस घ्या. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून बेतण्याआधीच धुऊन वाळवा. पॅटर्नवरचा बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवा. जास्त ताण आडवा, छातीभोवती यायला हवा.

साध्या सुईने विणीचे धागे तुटून भोकं पडतात. १४ नंबरची बॉलपॉइंट सुई लावा आणि अरुंद झिगझॅग टीप घाला, म्हणजे डोक्यातून घालताना टीप तुटत नाही.

मनगटाची रिब बाहीच्या घेरापेक्षा आखूड कापा. दोन्हींचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा आणि शिवताना फक्त रिब ताणा. चुण्या न पडता छान बसते. नाडीच्या काजांमागे फ्युजिंगचा तुकडा चिकटवा, काज ओघळणार नाही.